दुसऱ्या नावाची ओळ

पनवेल,
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय कल्पेश,

पाकीट हातात घेतल्यावर तू आधी ते उलटं करून पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असशील. हो, मीच. सुशांत. तुझा पत्ता मला तुझ्या रियाकडून मिळाला. म्हणजे तिने मुद्दाम दिला असं नाही, पद्मजाच्या गच्चीवर येणाऱ्यांची नावं-पत्ते एका वहीत लिहून घेतात, त्यातून उतरवला.

आधी गच्चीचं सांगतो. पद्मजा आता नवीन पनवेलला राहते. गेल्या वर्षीपासून तिच्या सोसायटीच्या गच्चीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही जमतो. दोन कॅरम, तिचा टेपरेकॉर्डर, रोल भरायचा तो जुना कॅमेरा आणि माझा रेडिओ. वीस-पंचवीस माणसं येतात. निम्मी आपल्या वयाची, निम्मी कॉलेजातली. परवा एक मुलगा टेपरेकॉर्डरपाशी बसून गाणी ऐकत होता. खट आवाज होऊन टेप थांबली तर म्हणाला, "काका, बिघडला." त्याला कॅसेट उलटी करून दाखवली, तर आणखी गाणी निघाली म्हणून केवढा खूश झाला!

रिया परवा पहिल्यांदाच आली, मैत्रिणींबरोबर. सगळी पोरं रेडिओचे फोटो काढत होती. हिने फोटो काढला नाही. कान जवळ नेला आणि काटा दोन बोटांनी अगदी हळू सरकवायला लागली. मी विचारलं, "कुणी शिकवलं गं?" म्हणाली, "बाबांकडे आहे ना असला. अजून ऐकतात. आई वैतागते." कुठली तू, तर उरण. बाबांचं नाव काय, तर कल्पेश. तिचं नाक तुझ्यासारखं आहे, आणि उत्तर देण्याआधी थांबायची सवयसुद्धा.

तेव्हापासून डोक्यात आपले शनिवारच चालू आहेत. सिनेमाचा दुपारचा खेळ बघायचा, एसटी स्टँडसमोर उभ्याने ऑम्लेट-पाव खायचा आणि पाचची उरण गाडी पकडायची. पद्मजाच्या गळ्यात कॅमेरा आणि घरी सांगून आलेली थाप, "मैत्रिणीकडे अभ्यासाला." पीरवाडीच्या किनाऱ्यावर तुझ्या बाबांची, काशिरामकाकांची होडी ओढून ठेवलेली असायची. तिच्या डोलकाठीपासून सुरूच्या झाडापर्यंत तू रेडिओसाठी तांब्याची तार ताणायचास. काका लांबून ओरडायचे, "दर्यात जायचं सोडून तारा कसल्या बांधतंस? कपडे वालत घालतंस काय?" आणि तरी तासाभराने स्वतःच येऊन विचारायचे, "लागला काय रं परदेश?"

पनवेलच्या घरात नुसती खरखर यायची. समुद्रावर मात्र काय स्वच्छ लागायचं! साडेसात वाजले की तू हात वर करायचास, आम्ही गप्प. खरखरीतून ती बाई हिंदीत बोलायला लागायची, इतक्या लांबून, बर्फातल्या गावातून. आणि सोनाबाईकाकूंनी दिलेल्या डब्यातली तळलेली मांदेली आपण आवाज न करता खायचो. आम्हाला एका मिनिटात केंद्र ओळखता यायचं नाही. तुला कुणी बोलायच्या आधीच, नुसत्या खरखरीवरून कळायचं.

मग २००१ नंतर तू भेटायचा बंद झालास. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली. असं होतंच.

मी बेलापूरला विमा कंपनीत आहे. गुडघे कुरकुरतात. तू कसा आहेस? काकू आहेत ना? एखाद्या दुसऱ्या शनिवारी ये. आता तर उरणपासून रेल्वे झाली.

तुझा,
सुशांत

ता. क. रिया घरी गच्चीबद्दल काही बोलली का? सहज विचारतो.


पनवेल,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय कल्पेश,

उत्तर आलं नाही. टपाल उशिरा पोचतं हल्ली. रियाही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडली. परीक्षा असेल.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट टाळली. तुझ्याही ती लक्षात आली असेल, म्हणून आता लिहूनच टाकतो. त्या निबंधाची.

दिवाळीनंतरचा शनिवार होता, सन २०००. त्या केंद्राने श्रोत्यांसाठी स्पर्धा जाहीर केली होती. "तुम्ही आम्हाला कसे ऐकता?" यावर हिंदीत निबंध. पहिल्या बक्षिसाला त्यांच्या देशाची दहा दिवसांची सफर, स्टुडिओ दाखवणार. तू म्हणालास, "मना हिंदी लिवता येत नाय, तू लिव, मी सांगतो." तू होडीच्या काठावर बसून बोलत होतास. मी मांडीवर पॅड घेऊन लिहीत होतो. पद्मजा बॅटरी धरून उभी होती.

तू म्हणाला होतास, "जालं टाकतो तेवा खाली काय हाय ते दिसत नाय. हाताला ओढ लागते, मंग कलतं. रेडिओचा काटा फिरवतो तेवा मना तशीच ओढ लागते. मासा कुठला, ते मागाहून."

मी त्याचं हिंदी केलं. दोन रात्री बसून केलं, हेही खरं. शब्द घासले, सुरुवात बदलली, शेवट माझा लिहिला. पाठवला माझ्या नावावर. तुमच्याकडे तेव्हा पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. तुझ्याकडे पासपोर्ट नव्हता. बक्षीस लागेल असं कुणाला वाटलं होतं?

लागलं. फेब्रुवारीत मी निघालो, तेव्हा तू पनवेलच्या स्टँडवर आलास. सुक्या बोंबलांची पिशवी हातात दिलीस, त्या रेडिओवरच्या बाईला दे म्हणून. मी म्हटलं, "तूच जायला हवं होतंस यार." तू म्हणालास, "जा रं. माजा पासपोर्ट कुठं हाय?" आणि हसलास.

तेवीस वर्षं मी त्या वाक्यावर काढली. कुणी विचारलं की सांगायचो, कल्पेशनेच मला पाठवलं. खरं सांगू? कुणी कधी विचारलंच नाही. मीच मला सांगत होतो. बोंबील मी विमानतळाच्या बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकले. सामानाला वास येईल म्हणून.

त्या केंद्राच्या मासिकात निबंध छापून आला होता, माझ्या फोटोसकट. तो अंक मी जपून ठेवलाय. नऊ तारखेला गच्चीवर पोरांनी आग्रह केला, म्हणून तो वाचून दाखवला. रिया समोरच बसली होती.

आज एवढंच.

सुशांत


पनवेल,
रविवार, ८ डिसेंबर २०२४

कल्पेश,

काल पद्मजा घरी आली होती. चहा नको म्हणाली. चपलाही न काढता दारात उभी राहिली.

"कल्पेशला पत्रं लिहितोयस ना?"

"दोन लिहिली."

"त्या दिवशी रियाला काय म्हणालास ते लिहिलंस?"

मी खुर्ची पुढे सरकवली.

"मग काय लिहिलंस? मांदेली?"

कल्पेश, तिला कसं कळलं, देव जाणे. मांदेली लिहिली होती.

आता लिहितो. रियाने हे तुला आधीच सांगितलं असेल. नसेल सांगितलं, तर का सांगितलं नाही, हेही मला कळतंय, आणि ते जास्त वाईट आहे.

मी निबंध वाचत होतो. ते जाळ्याचं वाक्य आलं, तशी रिया एकदम हसली. मोठ्याने म्हणाली, "काका, हे आमचे बाबा म्हणतात! मी अभ्यासाला कंटाळले की म्हणतात, हाताला ओढ लागली पाहिजे, मासा कुठला ते मागाहून. सेम!" तिला किती आनंद झाला होता. सगळे माझ्याकडे बघत होते. पंचवीस माणसं. त्या क्षणी मला एवढंच बोलायचं होतं, की हो गं, तुझ्याच बाबांचं आहे ते. जीभ तयार होती.

मी म्हणालो, "असेल. बाबा आमच्याबरोबर असायचे ना तेव्हा. माझ्याकडून ऐकलं असेल."

तिचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं. म्हणाली, "अच्छा." पुढचा सगळा वेळ ती गच्चीच्या कठड्यापाशी उभी होती. मी तिच्या बापाचं आयुष्यभराचं वाक्य तिच्यासमोर उष्टं ठरवलं, आणि माझा आवाजही कापला नाही. निबंध शेवटपर्यंत वाचला. टाळ्या घेतल्या.

मी पद्मजाला म्हटलं, "तू तिथे होतीस. बॅटरी तू धरली होतीस. तू का नाही बोललीस?"

ती खाली बघत म्हणाली, "तेवीस वर्षं नाही बोलले, ही माझी चूक. तिची शिक्षा मला रोज होते. पण मी कुणाच्या मुलीला खोटं नाही सांगितलं, सुशांत."

जाताना म्हणाली, "फॉर्मचं लिही."

तेही लिहितो. स्पर्धेचा फॉर्म होता, आठवतं? हिरव्या कागदाचा. त्यावर नावासाठी दोन ओळी होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, निबंध दोघांनी मिळून लिहिला असल्यास दुसरं नाव येथे लिहावे. पासपोर्टचा प्रश्नच नव्हता. बक्षीस लागल्यावर दोन महिने होते, पासपोर्ट काढता आला असता, मीही तेव्हाच काढला. पोस्टमनचाही प्रश्न नव्हता. दुसरी ओळ कोरी होती, आणि मी ती पेनाने आडवी रेघ मारून बंद केली. कोरी राहिली असती तर त्यांनी विचारलं असतं ना, म्हणून.

का केलं? त्या वर्षी मी दोन परीक्षांत नापास झालो होतो. घरात माझ्याकडे कुणी बघून बोलायचं नाही. एकदा तरी आपलं नाव एकट्याचं छापून यावं असं वाटलं. याहून मोठं कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

सुशांत


पनवेल,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

कल्पेश,

काल दुसरा शनिवार होता. पद्मजा रियाच्या कॉलेजात जाऊन तिला बोलावून आली होती. काय सांगून आणलं, माहीत नाही. रिया आली, मागे उभी राहिली, बॅग खांद्यावरून काढली नाही.

मी ते मासिक बरोबर नेलं होतं. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, पण उभा राहिलो आणि कागद खिशातून काढलाच नाही. म्हटलं, "गेल्या महिन्यात मी हा निबंध माझा म्हणून वाचला. हा माझा नाही. याचं हिंदी माझं आहे. यातला समुद्र, जाळं, ती ओढ, हे सगळं उरणच्या कल्पेशचं आहे. तो सांगत होता आणि मी लिहीत होतो. त्याच्या नावासाठी फॉर्मवर जागा होती. ती मी खोडली. त्याच्या वाटणीची सफर मी एकट्याने केली. आणि गेल्या महिन्यात त्याच्या मुलीने माझ्यासमोर खरं सांगितलं, तेव्हा मी तिला खोटं पाडलं."

कुणीतरी सवयीने टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं. कॅरमवाल्यांनी खेळ थांबवला होता. कॅसेट उलटी करायला शिकलेला तो मुलगा माझ्याकडे असा बघत होता, की मला वाटलं आता हा काही पुन्हा यायचा नाही.

मी रियाकडे गेलो. "तू बरोबर होतीस. मी खोटं बोललो."

ती म्हणाली, "काका, मी त्या दिवशी घरी जाऊन बाबांना विचारलं. म्हटलं, ते वाक्य तुमचं नाहीये का? ते जेवत होते. म्हणाले, 'कुनाचं का असंना, तुला उपयोगी पडलं ना?' आणि उठून हात धुतले. अर्धा भात ताटात होता."

मी हातातलं मासिक मिटलं.

"हे सगळं बाबांना कळवलंत?"

"लिहिलंय. तीन पत्रं."

"ती टीव्हीच्या बाजूला आहेत. एकही उघडलेलं नाही. आजी रोज विचारते, कुणाची रे ही पाकिटं? बाबा म्हणतात, पनवेलची."

म्हणजे इतके दिवस मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "एक काम करशील? तूच वाचून दाखव. नको म्हणाले तर ठेवून दे." मग तिने बॅग खाली ठेवली.

हे चौथं पत्र उद्या तिच्याच हाती देतोय. तुझ्या मुलीच्या आवाजात तुला हे ऐकावं लागेल, याची लाज वाटते. पण तिने माझं खोटं ऐकलंय. खरंही तिनेच वाचलेलं बरं.

माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न आहे.

सुशांत


उरण,
रविवार, २२ डिसेंबर २०२४

सुशांत,

तुजी चारी पत्रं रियाने मंगळवारी वाचली. मना वाचता येतं, पण मी तिला म्हटलं तूच वाच, मी ऐकतो. आय पण बसली होती. तिला कानाने कमी ऐकू येतं, मधी मधी विचारत होती, "काय म्हनतंय तो?" रिया परत मोठ्याने सांगायची. त्यामुळे तुजं सगळं आमी दोनदा ऐकलं.

रिया रडली. मी नाय.

बाबा २००६ ला गेले. होडी विकली. मी आता बंदरात क्रेनवर हाय. वर केबिनमधी बसतो, खाली कंटेनर. बरं चाललंय.

आता फॉर्मचं. तो हिरवा फॉर्म तू आमच्या होडीत बसूनच भरलास. रेघ मारलीस ते मी बघितलं होतं. तुला वाटलं मी तार सोडवतोय. मी बघितलं आणि बोललो नाय. मना राग आला, पण लय नाय. म्हटलं, याचं घरी काय चाललंय ते आपल्याला म्हाईत हाय. जाऊंदे याला. स्टँडवर आलो ते मनापासून आलो. हसलो ते पण मनापासून. तेवीस वर्षं तू त्याचं ओझं वाहिलंस, ते फुकट वाहिलंस.

मना लागलं ते येगळं. ते तुज्या चार पत्रांत कुठंच नाय, म्हणून लिहितो.

तू परत आलास ते मना पेपरात वाचून कळलं. मंग वाचनालयात तुजं भाषण झालं, फोटो दाखवलेस. मी आलो होतो. मागे, चपला काढतात तिथं उभा होतो. तू मना बघितलंस. बघितलंस आणि पुढचा फोटो लावलास. लोकांनी हार घातले, मंग मी निघालो. त्यानंतर तीन शनिवार मी पीरवाडीला तार बांधून बसलो. पद्मजा एकदा आली. तू नाय आलास. तू लिहितोस मी भेटायचा बंद झालो. सुशांत, मी तिथंच होतो.

मना वाटलं होतं, हा येईल आणि सांगेल. आपण दोघं चार वर्षं त्या गावाचा आवाज ऐकत होतो, आणि आपल्यातला एक तिथं जाऊन आला होता. सगळ्या पनवेलला तू सांगितलंस. मना नाय सांगितलंस. ती बाई दिसायला कशी होती, मना अजून म्हाईत नाय. ती बोलायच्या आधी एक टक असा आवाज यायचा, तो कशाचा होता? बर्फ पायाखाली वाजतो काय? आपली पत्रं ते लोक ठेवतात कुठं? माशाला तिथं वास येतो काय आपल्यासारखा? मी क्रेनवर बसून हे सगळं मनातल्या मनात कितीयेळा बघितलंय. खरं काय, ते तुला म्हाईत.

रिया म्हणते फोन करा. फोनवर नको. पत्रात पण नको, तू लिहायला बसलास की शब्द घासतोस.

येत्या रविवारी ये. पद्मजाला घेऊन ये. आय विचारते तुला मासा कुठला आवडायचा, पापलेट की हलवा, मना आठवत नव्हतं, तर दोन्ही करणार हाय. स्टेशनावर रिया येईल, घर बदललंय, तुला सापडायचं नाय.

विमान उतरलं तिथपासून सांग. एक पण दिवस गाळू नको. घाई नाय, मना सोमवारी सुट्टी हाय.

कल्पेश